नळ येईपर्यंतची गोष्ट

माझी नात रोज संध्याकाळी टीव्हीवर जादूची एक मालिका पाहते. त्यात डोळ्यांतून निळा उजेड सोडणारी एक राणी आहे, उडणारे घोडे आहेत आणि पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा आहे. तो दर दोन-तीन भागांनी येतो आणि कोणाच्या तरी नशिबात काय लिहिलंय ते सांगून जातो. परवा तिनं विचारलं, "आजी, तुमच्या वेळी असं काही होतं का?" मी म्हणाले, होतं. टीव्ही नव्हता, पण मालिका होती आणि ती मीच चालवत होते. भिलाईला, सेक्टर दोनमध्ये, पाण्याच्या नळावर. तिला वाटलं आजी थट्टा करते. म्हणून हे लिहून काढलं.

लग्न होऊन मी भिलाईला आले तेव्हा तिथला पोलादाचा कारखाना अर्धा उभा होता आणि अर्धा जमिनीवर पसरलेला होता. माझा नवरा रिगर होता. कप्प्या आणि तारेचे दोर लावून अवजड लोखंड वर चढवायचं, हे त्याचं काम. आम्हाला मिळालेलं क्वार्टर इतकं नवं होतं की भिंतीला पाठ टेकली तर चुना लुगड्याला लागायचा. घरात नळ होते, तोट्या होत्या, फक्त पाणी नव्हतं. पाणी यायचं ते क्वार्टरांच्या मधल्या मैदानातल्या एका नळाला, दुपारी तीनच्या सुमारास. कधी अडीचला, कधी चारला. त्यामुळे दोन वाजताच बायका बादल्या रांगेत लावून एका अर्धवट बांधलेल्या भिंतीच्या सावलीत येऊन बसायच्या.

त्या रांगेचं मला फार अप्रूप होतं. माझ्या आजोळी आमची विहीर वेगळी होती. इथं ज्याची बादली आधी, त्याचं पाणी आधी. कोणी कोणाला जात विचारत नव्हतं. विचारत नव्हतं म्हणजे तोंडानं विचारत नव्हतं. आमच्या शेजारच्या क्वार्टरात टाइम ऑफिसमधल्या क्लार्कची बायको राहायची. वर्ध्याकडची, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, गोरीपान, शांत. ती माझ्यामागून पाणी भरायला आली की आधी नळाची तोटी चांगली धुवायची आणि मग घागर लावायची. मला दिसायचं. मला दिसतं हे तिलाही दिसायचं. बाकी ती बोलायला गोड होती. मी तिला वहिनी म्हणायचे, ती मला "वो बाई" म्हणायची.

एका दुपारी पाणी यायचं नाव घेईना आणि बादली कोणी पुढं सरकवली यावरून दोघींची चांगलीच जुंपली. मी तोवर तिथं कधी तोंड उघडलं नव्हतं. माझी आई कामठीला विड्या वळायची. तिथं हात चालू राहावेत म्हणून एक जण गोष्ट सांगायची आणि बाकीच्या ऐकायच्या, आणि बहुतेक वेळा सांगणारी माझी आईच असायची. मी तिच्या मांडीला डोकं टेकून ऐकत मोठी झाले होते. त्या दिवशी भांडण काही थांबेना, तसं माझ्या तोंडून निघून गेलं, "एक जादूगार होता. तो मानसाईच्या सावल्या चोरे."

दोघी भांडायच्या थांबल्या.

"सावली चोरून काय करे?" एकीनं विचारलं.

मलाही ते माहीत नव्हतं. मी म्हणाले, पोत्यात भरून ठेवे. ज्याची सावली गेली तो स्वतःचं नाव विसरून जाये. असं करता करता त्यानं अर्धं नगर बिननावाचं केलं. राजा हुकूम द्यायला उठला तर कोणाला हाक मारावी हेच त्याला कळेना. एवढ्यात नळात खरखर झाली, पाणी आलं आणि सगळ्या उठल्या. दुसऱ्या दिवशी मी गेले तर भिंतीच्या सावलीत माझ्यासाठी मधली जागा मोकळी ठेवलेली होती.

मग ते रोजचंच झालं. नियम एकच होता. नळ आला की गोष्ट थांबायची, मग जादूगाराचा हात राजाच्या सावलीवर पडलेला का असेना. मी अर्धी मराठीत सांगे, अर्धी हिंदीत, आणि पुढं काय होणार हे मला स्वतःला भाजी चिरता चिरता सुचायचं. अहिवाऱ्याकडची एक छत्तीसगढी बाई होती. तिला माझी मराठी निम्मी समजायची, पण मी श्वास घ्यायला थांबले की पहिली तीच विचारायची, "फेर का होइस?" मग काय झालं? जादूगार तिला इतका खरा वाटला होता की भर दुपारी आपली सावली पायाखाली गोळा झालेली पाहून ती पदर सावरून बाजूला सरकायची.

गोष्ट बायकांकडून घरी गेली आणि घरून कारखान्यात गेली. एक दिवस नवरा कामावरून आला आणि डबा ठेवता ठेवता म्हणाला, "आमचा फोरमन विचारून राहिला का राजा फौज कावून नाही पाठवत."

"पाठवली ना. फौजेच्याच सावल्या गेल्या."

"मी सांगतलं त्याले. तो रशियन इंजिनिअर हाय ना, त्यालेबी दुभाष्यानं सांगतलं. तो म्हने, ढगाळ दिवस पाहून हल्ला करा. सावलीच पडनार नाही."

मला हे फारच आवडलं. दुसऱ्या दिवशी मी राजाच्या फौजेला ढग येईस्तोवर थांबवून ठेवलं. ढग काही आठवडाभर आले नाहीत.

हसता हसता नवरा गंभीर झाला तो राजजोशी गोष्टीत आल्यावर. आम्ही दोघंही नागपूरला दीक्षा घेतलेल्या घरांतले. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, दुसरं काही नाही. नवरा फार वाचणारा नव्हता, पण जे मनाशी धरलं ते धरलं. जेवता जेवता तो म्हणाला, "जादूगाराचं ठीक हाय. पोराईले मजा येते. पन हे कपाळावर लिहिलं, नशिबात हाय, हे तू कावून सांगून राहिली? आपन सोडलं ना हे?"

"गोष्ट हाय ते."

"गोष्टच तर डोक्यात बसते. भाषण कोनाच्या ध्यानात राह्यते?"

मला राग आला. दिवसभरात माझं स्वतःचं असं तेवढंच होतं, आणि त्यातही यांनी कप्पी लावायला यावं. मी म्हणाले, बायकांना जोशी पाहिजे, जोशी नसला तर त्यांना गोष्ट गोष्ट वाटत नाही. मी जोशी काढला नाही. उलट दुसऱ्या दिवशी हट्टानं त्याच्या तोंडी मोठं भाकीत घातलं. राणीला दिवस गेले आहेत. जोशी पंचांग उघडतो, बराच वेळ पाहतो आणि सांगतो, राणीच्या कपाळी लेकरू नाही. येईल, पण राहणार नाही. एवढ्यात नळ आला. बायका "अरे रामा" म्हणत उठल्या आणि मी मनातल्या मनात खूश झाले की आज बरोबर जागी थांबले.

शेजारची वहिनी दुसऱ्या दिवशी नळावर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिला आठवा महिना सरत आला होता. त्यामुळे बायका म्हणाल्या, पाय सुजले असतील. तिचा नवरा ऑफिसला जाण्याआधी कुठूनतरी एखादी बादली आणून ठेवायचा, पण तेवढ्यात काय होणार? चौथ्या दिवशी मी माझं पाणी भरल्यावर आणखी एक बादली भरली आणि तिच्या दारात गेले. दारातच थांबले. आपलं पाणी तिला चालेल की नाही हे मला ठाऊक नव्हतं. नाही म्हणाली तर काय करायचं, ते मी वाटेतच ठरवलं होतं. बादली तिथंच ओतायची आणि परत यायचं.

ती खाटेवर पडून होती. मला पाहून उठून बसली. बादलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "आत ठेवा, चुलीजवळ."

मी आत ठेवली. वळले तर ती म्हणाली, "बसा ना वो बाई." मी जमिनीवर बसले. थोडा वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग विचारलं, "रानीचं लेकरू मरते का?"

"मले नाही माहीत अजून."

"तुमी सांगता ना गोष्ट? तुमाले कसं माहीत नाही?"

मग तिनं सगळं सांगितलं. आधीची दोन बाळं गेली होती, दोन्ही गावी, घरातच, सुईणीच्या हातात. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा सासूनं जोशाला विचारलं. त्यानं सांगितलं होतं की हे मूल घराच्या उंबऱ्याबाहेर जन्मलं तर हाती लागणार नाही. म्हणून कारखान्याच्या दवाखान्यात नाव घालायचं नाही, असं घरात ठरलं होतं. ती बोलत होती आणि मला कानकोंडं होत होतं. नवऱ्यावरच्या रागापोटी मी जे भाकीत गोष्टीत घातलं, ते ही बाई चार दिवस पोटाशी धरून झोपली होती.

"तुमाले काय वाटते वहिनी? दवाखान्याचं?"

"मले?" तिला हे कोणी विचारलेलंच नसावं. "मले वाटते जावं. पन भेव वाटते. गेली आन् काही झालं, तर जनमभर मलेच म्हनतीन."

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. जोशाला काढ म्हटलं होतं ना, असं तो म्हणेल म्हणून मी तयारीत होते. तो तसं म्हणाला नाही. हात धुता धुता म्हणाला, "मंग रानीले महालाबाहेर काढ ना."

"आन् तिथं काही झालं तर?"

"दोन घरातच गेले ना वं तिचे?"

रात्रभर मी त्यावर विचार केला आणि दुसऱ्या दुपारी वहिनीचा हात धरून तिला नळावर घेऊन गेले. भिंतीच्या सावलीत तिला टेकून बसवलं आणि गोष्ट पुढं नेली. राणीनं जोशाचं बोलणं ऐकून घेतलं, पंचांगाला नमस्कार केला आणि दासीला म्हणाली, माझे जोडे आण. राजानं अडवलं, राजमाता आडवी पडली. राणी म्हणाली, आत राहून दोनदा पाहिलं, आता एकदा बाहेर जाऊन पाहते.

"बाहेर कोन हाय तिले पाहाले?" वहिनीनं विचारलं. एवढ्या महिन्यांत नळावर तिनं पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"दाई हाय. लय दुरून आलेली. पांढरे कपडे घालते, हिंदी धड बोलता येत नाही, पन हात लय हुशार."

बायका हसल्या. दवाखान्यातल्या केरळी नर्सा सगळ्यांनी पाहिल्या होत्या. वहिनी हसली नाही, पण तिनं पाठ ताठ केली. त्या आठवड्यात ती नवऱ्याबरोबर दवाखान्यात जाऊन नाव घालून आली. सासूला पत्रानं कळवलं की नाही, ते मी विचारलं नाही.

आता मी अडकले. राणीला बाहेर तर काढलं, पण बाळंत करायची माझी छाती होईना. वहिनीचं खरं बाळ येण्याआधी गोष्टीतलं बाळ आणावं, तर उद्या काही उलटं झाल्यास मी तिला तोंड कसं दाखवणार होते? म्हणून मी राणीला चालवत ठेवलं. जंगलातून चालवलं, नदीतून चालवलं. जादूगार तिच्या सावलीमागं लागला, म्हणून फक्त भर मध्यान्हीला चालवलं. तीन आठवडे ती चालत होती.

"किती चालते वो ही रानी," एक बाई वैतागून म्हणाली. "हत्तीनबी एवढ्यात मोकळी झाली असती."

वहिनीचं पोट दुखायला लागलं ते सकाळी दहाला. तिचा नवरा ऑफिसात होता. माझा नवरा दुसऱ्या पाळीला जाणार म्हणून घरी होता. तो अंगात सदरा घालत रस्त्यावर धावला आणि पाइप घेऊन कारखान्याकडं निघालेला एक ट्रक त्यानं आडवा होऊन थांबवला. ड्रायव्हर पंजाबी होता. आधी त्यानं चार शिव्या दिल्या. मग वहिनीला पाहिल्यावर स्वतःची गादी काढून सीटवर घातली. वहिनी मध्ये, मी तिच्या बाजूला आणि नवरा मागं पाइपांवर. रस्ता म्हणजे नुसते खड्डे आणि लाल धूळ. ड्रायव्हर प्रत्येक खड्ड्याआधी "बीबीजी, संभलके" म्हणायचा आणि मग नेमका त्याच खड्ड्यात जायचा.

अर्ध्या वाटेत वहिनीला तहान लागली. माझ्याकडं आमच्या घरचा तांब्या होता, निघताना काही न सुचून उचललेला. मी तो पुढं केला. तिनं दोन्ही हातांनी धरला, तोंड लावून पाणी प्याली आणि रिकामा करून माझ्या मांडीवर ठेवला. मग माझं मनगट धरलं ते दवाखाना येईपर्यंत सोडलं नाही. "रानी पोचली का वं?" तिनं मध्येच विचारलं. वो सोडून ती मला पहिल्यांदाच, बहिणीला म्हणावं तसं, वं म्हणाली होती.

"पोचलीच समजा."

दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर मी बसले. त्या तीन तासांत मी जेवढी भ्याले तेवढी त्यानंतर स्वतःच्या दोन बाळंतपणांत भ्याले नाही. मी जोशाला मानत नव्हते. तरी मनात येत होतं की तो खरा निघाला तर? मग गोष्ट सांगून तिला उंबऱ्याबाहेर काढणारी मीच. नवरा समोर येरझाऱ्या घालत होता. त्याची पाळीची वेळ होऊन गेली होती. "तुमाले भेव वाटून राहिलं का?" मी विचारलं. तो म्हणाला, "वाटून राहिलं. पन जोशाचं नाही."

शेवटी नर्स बाहेर आली. "लड़की है," ती म्हणाली. "बहुत चिल्लाता है."

तोवर वहिनीचा नवराही धावत येऊन पोचला होता. त्यानं माझ्या नवऱ्याला घट्ट मिठी मारली. दोघांच्या अंगावरची लाल धूळ एकमेकांच्या सदऱ्यांना लागली.

दुसऱ्या दिवशी नळावर मी राणीला मोकळी केली. मुलगी झाली, तिची सावली चांगली लांब होती. बायकांनी टाळ्या वाजवल्या. अहिवाऱ्याच्या बाईनं कपाळाला हात लावून कोणत्या तरी देवाला नमस्कार केला आणि त्या दिवशी पुढं काय झालं ते विचारलं नाही.

बाराव्या दिवशी बारसं झालं. वहिनीची सासू वर्ध्याहून आली होती आणि सगळ्यांना सांगत होती की तिनं देवीला नवस बोलला होता, म्हणून पोर वाचली. जोशाचं काय, असं कोणी विचारलं तर म्हणे, त्यानं मुलगा धरून सांगितलं होतं, मुलीला ते लागू होत नाही. वहिनीचा नवरा म्हणे, डॉक्टरचे उपकार आणि देवाची कृपा. ट्रक ड्रायव्हर मिठाईचा पुडा घेऊन आला होता, तो म्हणे गाडी कशी चालवली ते बीबीजीला विचारा. माझा नवरा आणि वहिनीचा नवरा श्रद्धा आणि विज्ञान यावर वाद घालत बसले आणि चहा दोनदा गार करून घेतला. वहिनीनं मला पाळण्याजवळ बसवलं, ओटी भरली आणि सासूच्या समोर, सासूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उष्टावनाले पोरीचा पहिला घास हिच्या हातचा." सासूनं तोंड वाकडं केलं, पण जिलबी वाढायला ती उठली, तेव्हा माझ्या पानात दोन घातल्या.

जादूगाराचं काय झालं, ते नळावर कोणालाच कळलं नाही. पावसाळ्यानंतर आमच्या घरांतल्या तोट्यांना पाणी यायला लागलं, आधी सकाळी, मग दिवसभर. सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला. पण दुपारी दोन वाजले की मी उगीच दारात येऊन उभी राहायचे. मैदानात त्या भिंतीचं काम पूर्ण झालं, तिला छप्पर आलं आणि तिथं रेशनचं दुकान निघालं. बायका एकमेकींना तिथं भेटायच्या, गोष्टीचा विषय निघायचा, आणि मी सांगायला लागले की कोणीतरी म्हणायचं, थांब, माझा नंबर आला.

त्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही दोघं सायकलवरून दुर्गला नातेवाइकाकडं निघालो होतो. मी मागं बसले होते. शिवनाथ नदीकडून गार वारा येत होता. बराच रस्ता गेल्यावर नवऱ्यानं मागं न पाहता विचारलं, "त्या जादूगाराचं काय झालं मंग?"

"तुमाले काय करायचं हाय? तुमाले तर आवडत नव्हती गोष्ट."

"मले नाही. फोरमन विचारते."

मी सांगितलं की राणीच्या मुलीनं मोठी होऊन पोत्याची गाठ सोडली, सावल्या आपापल्या माणसांकडं गेल्या आणि जादूगार स्वतःचं नाव विसरून जंगलात निघून गेला.

तो म्हणाला, "नाही. असं नाही चालनार. एवढा हुशार मानूस जंगलात कावून जाईन? त्याले कारखान्यात लावून दे."

"कशात लावू?"

"कोक ओव्हनच्या भट्टीमंदी. तिथं लय धूर असते. सावली पडतच नाही."

"आन् पोट भरल्यावर पुन्हा चोऱ्या केल्या तर?"

"आमच्या पाळीत नाही करू शकत," तो म्हणाला. यावर आम्ही दुर्ग येईपर्यंत भांडलो. शेवटी मी जादूगाराला नोकरी दिली, पण फक्त रात्रपाळीची, आणि सहा महिने कच्च्या नोकरीवर.